पृष्ठाचा आरंभबिंदू : एका आकड्याचा मागोवा

संगणकावर रेखाटलेल्या, सोळा एकके लांबीरुंदीच्या एखाद्या जुन्या चिन्हाची फाईल उघडून तिच्यातील मजकूर वाचला, तर पुष्कळदा ‘-१०३६.३६’ असा चमत्कारिक आकडा आढळतो. इंकस्केप या चित्रलेखनाच्या आज्ञावलीत तयार झालेल्या चिन्हांत तो विशेषेकरून दिसतो. ज्या चित्राची उंचीच मुळी १६, ते हजाराहून अधिक एकके वर सरकविण्याचे प्रयोजन काय? हा आकडा यदृच्छेने आलेला नाही.

रेषाचित्रे कागदाच्या पानाशी बांधली गेली ती छपाईमुळे. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापिलेल्या ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेझरराइटर मुद्रकात आली. तीत पृष्ठाचा आरंभबिंदू डावीकडील खालच्या कोपऱ्यात असून उंची वर मोजतात. शाळेतील भूमितीत मोजतात तशीच. १९८७ चे इलस्ट्रेटर याच पायावर उभे राहिले. उलटपक्षी, वेबसाठी आखलेल्या व २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या चित्ररूपात आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि मोजणी खाली उतरते.

सोडिपोडीपासून २००३ मध्ये विभक्त झालेल्या इंकस्केपकडे या दोन्ही घराण्यांचा वारसा आला. फाईल वरून खाली मोजणारी, पडद्यावरील मोजपट्टी मात्र खालून वर! नवे पान बहुधा ए-४ आकाराचे असे. त्याची उंची २९७ मि.मी., म्हणजे इंचास ९० एकके या तत्कालीन प्रमाणाने १०५२.३६. चित्रकाराने पृष्ठमांडणी बदलून पान १६ एककांचे केले, की खालचा कोपरा स्थिर राही व वरचा भाग छाटला जाई. आणि फाईलच्या हिशेबात सर्व आकृती तेवढ्याच वर ओढणे प्राप्त होई. १०५२.३६ मधून १६ वजा जाता १०३६.३६ उरतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या चिन्हाच्या पोटी असा एक कधीही न छापलेला ए-४ कागद दडलेला आहे.

जानेवारी २०१७ च्या ०.९२ या आवृत्तीत इंचास ९६ एकके हे प्रमाण आले. १६० मि.मी.ची जुनी रेषा नव्या मापाने १५० मि.मी. भरू लागली. पडद्यापुरत्या चित्रास याची क्षिती नव्हती. परंतु साचा वा नकाशा खऱ्या मापाने कापावयाचा असेल, तर हा घोटाळा लहान नव्हे. म्हणूनच जुनी फाईल उघडताना चित्र पडद्यासाठी की प्रत्यक्ष मापासाठी, हे आज्ञावली विचारू लागली. २०२० मध्ये १.० आवृत्तीने मोजपट्टीही वरून खाली वळविली, आणि २०२२ पासून एका फाईलीत अनेक पाने मांडता येऊ लागली.

कालनिर्णयासाठी या आकड्याचे मोल उघड आहे : असे पान प्रथम मांडले गेले ते ९० एककांच्या काळात. मात्र त्यावरून चित्राच्या जन्माविषयी अनुमान करता येते, अखेरच्या संस्काराविषयी नव्हे. जुन्या साच्यावर पुढे कितीही वर्षे काम होऊ शकते. शिवाय फाईल हलकी करण्याच्या नादात असे आकडे सर्रास पुसले जातात. हा प्रकार ताम्रपट उजळण्यासाठी अक्षरे घासून काढण्यासारखाच म्हणावा लागेल. संग्राहकाने मूळ प्रत निराळी राखावी हे बरे. आरंभीचे पान अमेरिकी लेटर आकाराचे असल्यास, ११ इंच उंचीच्या हिशेबाने तोच आकडा ९७४ असा यावयास हवा.