पायाचा चर आणि जुनी परवानगी

इमारतीची परवानगी मिळाली, पायाचा चर खणला गेला, आणि द्रव्याअभावीं काम थांबलें. वीस वर्षांनंतर ती परवानगी जिवंत असते काय? ज्या धर्मग्रामांनीं वर्गणीच्या आधारावर भिंती उभारल्या, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाहीं. त्याचा मोठा बोधप्रद इतिहास ब्रिटनमध्यें घडला आहे.

त्या देशांत १९६८ च्या कायद्यानें परवानग्यांस मुदत घातली. मुदतींत काम सुरू न झाल्यास परवानगी संपते. परंतु 'सुरू' होण्यास लागतें तरी किती? पायाचा चर खणणें पुरे, जमिनीखालीं नळ घालणें पुरे; इतकेंच नव्हे, तर १९८२ सालीं अपील न्यायालयानें रस्त्याच्या आखणीसाठीं ठोकलेल्या खुंट्याही ग्राह्य धरल्या. आमच्या मतें ही उदारता अंमळ जास्तच झाली! आपल्या महाराष्ट्राचा नगररचना कायदा याहून कडक आहे: मुदतींत काम जोत्यापर्यंत न आल्यास नवा अर्ज करावा लागतो.

आतां वेल्समधील अॅबरडव्ही गांवची हकीकत पाहा. तेथील टेकडीवर ४०१ घरें बांधण्याची परवानगी जानेवारी १९६७ मध्यें मिळाली. बांधलीं गेलीं अवघीं ४१, आणि तींही मूळ नकाशा सोडून, वेळोवेळीं निराळ्या परवानग्या घेऊन. १९८७ सालीं उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कामास कायदेशीर आरंभ झालेला आहे, सबब उरलेलें काम पुढें केव्हांही पुरें करतां येईल. हा निकाल हातीं असतांना हिलसाइड पार्क्स कंपनीनें १९८८ सालीं ती जमीन विकत घेतली. पुढें २०१७ सालीं स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानें काम थांबविण्यास सांगितलें, आणि तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

२ नोव्हेंबर २०२२ रोजीं कंपनीचें अपील फेटाळलें गेलें. आरंभ झाला होता, हें न्यायालयानें नाकारलें नाहीं. केवळ काम टाकून दिल्यानें परवानगी मरते, असेंही म्हटलें नाहीं. परंतु परवानगी होती ती संपूर्ण वसाहतीच्या एका अखंड योजनेस, सुट्या सुट्या घरांस नव्हे. मधल्या काळांत जमिनीवर जें प्रत्यक्ष उभें राहिलें, त्यामुळें ती योजना नकाशाबरहुकूम पुरी करणेंच अशक्य झालें होतें. १९६७ च्या परवानगीवर उरलेलीं ३६० घरें बांधण्याचा हक्क अशा रीतीनें संपला, आणि मालकांस नव्यानें अर्ज करण्यावांचून मार्ग उरला नाहीं.