डबा आपला, पण कुलूप कोणाचं? जुन्या डिशच्या डब्याची पन्नास वर्षांची गोष्ट



आज पीकपाण्याची नोंद नाही. आज बोलायचंय वस्तीवरच्या टीव्हीबद्दल.

सालगडी असो, ऊसतोडीला आलेलं कुटुंब असो, नाहीतर मळ्यात एकटा राहणारा म्हातारा असो, नवीन डिश घेणं त्यांना जड जातं. मग आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून जुना डबा घेतात. घरी आणून वायर जोडली, छत्री फिरवली, सिग्नलही आला. पण पडद्यावर चित्र नाही, नुसती सूचना. दुकानदार म्हणतो "अॅक्टिव्हेट करा". फोन लावला तर विचारतात, खातं कोणाच्या नावावर आहे? तिथं सगळं अडतं. डबा धडधाकट असतो, पैसे मात्र पाण्यात जातात.

हे असं का होतं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या देशात उपग्रहाचा टीव्ही शहरात नाही, आधी खेड्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष 'साइट' नावाचा प्रयोग झाला. त्यामागचं स्वप्न विक्रम साराभाईंचं, पण ते बघायला ते राहिले नव्हते, १९७१ च्या डिसेंबरातच गेले. इस्रो आणि अमेरिकेच्या नासाने मिळून हे काम केलं. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही बसवले. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. छत्री होती दहा फुटी, आणि कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या जाळीची! सकाळी शाळेच्या पोरांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, असा रोज चार तास कार्यक्रम. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन असे विषय. गाव अंगणात गोळा होऊन बघायचं.

पण उपग्रह होता अमेरिकेचा, एटीएस-६. वर्षाच्या बोलीवर मिळालेला. मुदत संपली, त्यांनी तो परत नेला. डबा गावात, छत्री गावात, पण वरून येणारं बंद. पुढं काही भागांत जमिनीवरचे ट्रान्समीटर उभे करून टीव्ही परत चालू केले, ती गोष्ट वेगळी. डबा दारात असला म्हणून चित्र आपल्या हातात नसतं, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९८३ ला आपला इन्सॅट-१बी वर गेला. मग ट्रान्समीटर वाढले आणि गावोगावी अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना दिसू लागले. माझ्या वयाच्या लोकांना 'आमची माती आमची माणसं' आठवत असेल. तेव्हा टीव्ही घेतला, अँटेना लावला की झालं. अॅक्टिव्हेट हा शब्दच नव्हता.

१९९१ पासून परदेशी वाहिन्या आल्या, आणि केबलवाल्यांच्या गच्चीवर मोठमोठ्या छत्र्या. घरोघरी छोटी छत्री लावायला १९९७ ला सरकारनेच बंदी घातली. ती २००० च्या शेवटी उठली आणि मार्च २००१ ला नियम आले. २००३ ला पहिली खाजगी डीटीएच सेवा सुरू झाली. तिथून कुलूप आलं.

हे कुलूप चालतं कसं? कंपनी चित्र विस्कटून पाठवते. ते जुळवायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि ती उघडायची ताकद डब्यातल्या कार्डात असते. तुम्ही रिचार्ज मारला की आकाशातून त्या कार्डाच्या नंबरला हुकूम येतो, "याला दाखव". बऱ्याच डब्यांत कार्ड आणि डबा यांचं लग्नच लावलेलं असतं. दुसऱ्याचं कार्ड घातलं तर चालत नाही. एका कंपनीच्या डब्यावर दुसरीचं कार्ड तर नाहीच नाही.

आता गंमत बघा. २००१ च्या नियमातच लिहिलं होतं की डबा एका कंपनीचा असला तरी दुसरीकडे चालला पाहिजे. त्यासाठी वेगळं मॉड्यूल बसवायची खाचही ठरली. पण मॉड्यूलचा खर्च नव्या डब्याच्या घरात जायचा, मग घेणार कोण? एप्रिल २०२० मध्ये ट्रायने परत शिफारस केली की सगळे डबे सगळीकडे चालावेत. अजून तरी तसा डबा बाजारात सर्रास दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो, कंपनीचा डबा हे हायब्रीड बियाणं. दरवर्षी त्यांच्याच दारात जायचं. सरळ वाण मात्र आहे, तो सरकारने दिला. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू केलं, तेच आजचं फ्री डिश. महिन्याचा रिचार्ज नाही. सह्याद्री त्यावर दिसतं. २६ मे २०१५ ला सुरू झालेलं डीडी किसान पण दिसतं, ते हिंदीत आहे.

तेव्हा जुना डबा घेताना एवढं बघा:

१) डबा 'फ्री टू एअर' आहे का, ते आधी विचारा. असेल तर अॅक्टिव्हेशनची भानगड नाही.

२) एमपेग-४ चा आहे का बघा. एमपेग-२ चा जुना डबा फ्री डिशवरच्या सगळ्या वाहिन्या दाखवत नाही.

३) कंपनीचा डबा घेणार असाल तर मूळ मालकाला बरोबर घ्या. त्याच्या मोबाईलवरून खातं तुमच्या नावावर होतंय का, हे पैसे द्यायच्या आधी. काही डबे भाड्याचे असतात, ते विकायचा हक्क त्याला नसतोच.

४) डबा गेला तरी छत्री आणि एलएनबी टाकू नका. बहुतेक वेळा ती फ्री डिशला चालते. मेनूत एलएनबी ९७५०/१०६०० ठेवा.

५) फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. पुण्याकडून छत्री आग्नेयेला, नागपूरकडे ती आणखी थोडी दक्षिणेला. उंची साधारण ६० अंश. छत्री दिसायला खाली बघतेय असं वाटेल, तिची बनावटच तशी आहे, घाबरू नका. बोटभर फिरवा, थांबा, सिग्नल बघा, मग परत फिरवा.

६) चित्र आलं की ऑटो स्कॅन करा. वाहिन्यांच्या जागा बदलत असतात, म्हणून अधूनमधून परत करा.

जोराच्या पावसात चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका, पाऊस ओसरला की येतं.

गावात ज्या पोरांना हे सेटिंग जमतं त्यांनी वस्तीवरच्या एक-दोन घरांना लावून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ही माहिती जुना डबा घ्यायला निघालेल्या माणसापर्यंत बाजाराच्या आधी पोहोचवा.