नारिंगी पडलेली छायाचित्रे

इ.स. २००० मध्ये एप्सनचे ‘स्टायलस फोटो ८७०’ व ‘१२७०’ हे प्रिंटर आले. त्यांच्या चकचकीत कागदावरील चित्र सुमारे दहा वर्षे टिकेल, असे हेन्री विल्हेल्म यांच्या चाचण्यांवरून मानले जाई. काही घरांत मात्र ते थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले.

चाचण्यांनी प्रकाश मोजला होता, हवा नव्हे. या कागदाच्या लेपात असंख्य सूक्ष्म रंध्रे होती. शाई त्यांत तत्काळ मुरे, ग्राहक खूश होई. पण त्याच वाटेने ओझोन शिरे आणि आधी निळसर सायन रंग खाई. उरे तो पिवळ्या-किरमिजीचा नारिंगी. शाईने फुगणाऱ्या लेपाचा कागद वाळायला रेंगाळे, पाण्याने बिघडे, तरी रंग पोटात कोंडून ठेवी. घाईच्या बाजारात त्याचा हा गुण कोण पाहणार?

काचेच्या चौकटीत बंद केलेली छायाचित्रे मात्र बरीच तगली.