तेलाच्या रांजणावरचा हिशेब

रोममध्ये टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. उंची सुमारे 35 मीटर. ती दगडमातीची नाही, फुटक्या रांजणांची आहे! तिथे पाच कोटींच्या आसपास रांजण फोडले असावेत, असा अंदाज सांगतात. जवळजवळ सगळे ऑलिव्ह तेलाचे, आणि त्यातले बहुतेक बेटिका प्रांतातून, म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनमधून आलेले. मातीच्या भांड्यात तेल मुरलं की खवट वास जात नाही. दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नकोच. म्हणून तेल काढून घ्यायचं, रांजण फोडून रचायचे आणि वर चुना टाकायचा.

मला मात्र टेकडीपेक्षा रांजणांवर शाईनं लिहिलेला मजकूर जास्त आवडला. कॉमर्सला शिकलेलं कुठे जातं! 1870च्या दशकात हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकानं तो वाचायला घेतला. आधी रिकाम्या रांजणाचं वजन, साधारण 30 किलो. आपल्या बाजारात त्याला बारदान म्हणतात. मग व्यापाऱ्याचं नाव. मग तेलाचं निव्वळ वजन. बाजूला तपासनिसाची नोंद : माल सेव्हिलचा, कोर्दोबाचा की एसिहाचा, वर्ष कोणतं, वजनाला कोण हजर होतं. मुठीवर वेगळा शिक्का, तो माती ओली असतानाच मारलेला.

एका रांजणामागे एवढी लिखापढी का? कारण हे तेल नुसतं बाजारात जात नव्हतं. राजधानीचं आणि सैन्याचं पोट भरणं ही सम्राटाची जबाबदारी होती. असेच रांजण ऱ्हाइनकाठच्या आणि ब्रिटनमधल्या छावण्यांतही सापडतात. माल व्यापाऱ्याचा, पण तराजूवर नजर सरकारची.

आणि सरकारनं ठरवलं तर? 197 साली सेप्टिमियस सेव्हेरसनं आपल्या प्रतिस्पर्ध्याला युद्धात हरवलं आणि विरोधकांच्या मालमत्ता जप्त केल्या. त्यानंतरच्या काही वर्षांतले रांजण पाहिले, तर व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी सेव्हेरस आणि त्याच्या मुलांची नावं दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारी घराणी त्या ओळीतून गेली. पुढे तिथे सरकारी खात्याचं नाव आलं. खासगी नावं परत दिसायला बरीच वर्षं लागली.

बारदान मात्र मधल्या काळातही तसंच लिहिलं जात होतं.