रोज एक मिलिमीटर

नस दबली, नस आखडली, नस कापली, असं आपण सर्रास म्हणतो. पण कोणती नस? रक्तवाहिनी, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा आणि मेंदूचा निरोप नेणारा मज्जातंतू, या तिघांनाही आपल्या बोलीत हा एकच शब्द. यात लाजायचं कारण नाही. प्राचीन ग्रीकांच्या ‘न्यूरॉन’ या शब्दाचा अर्थही आधी कंडरा असाच होता.

मला हा फरक कळला तो स्कूटरवरून पडल्यावर. उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड बसवलं, पण मनगट काही केल्या वर उचलेना. पंजा नुसता लोंबकळत राहिला. दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली जाणारी नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबू या.’’ हाडावर तातडीने इलाज आणि नसेला मात्र नुसतं थांबायचं? उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला. तेव्हा या ‘थांबू या’चं उत्तरही मी इतिहासातच शोधलं.

ही दुखापत आपल्याला वाटते तितकी दुर्मीळ नाही. टोरांटोतल्या एका मोठ्या अपघात-रुग्णालयाची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. शरीराला अनेक ठिकाणी मार लागलेल्या शंभर रुग्णांमागे जवळजवळ तिघांच्या हातापायाच्या नसा दुखावलेल्या आढळल्या. दंडाचं हाड मधोमध मोडलं, तर साधारण आठांत एकाचं मनगट माझ्यासारखंच पडतं. सुदैवाने त्यातले बहुतेक जण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात.

ते कसं, याचा पहिला धागा १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज संशोधकाला बेडकाच्या जिभेत सापडला. नस तोडली की तुटीच्या पलीकडचा तंतू झिजून नाहीसा होतो, असं त्याला दिसलं. नवा तंतू यायचा तो अलीकडच्या जिवंत टोकाकडून. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात नसांना गोळी लागलेले सैनिक तपासले. जखम भरली तरी हातात आगडोंब उसळतो, असं ते सैनिक सांगत. त्यांच्यावरचं पुस्तक १८६४ साली निघालं. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या ज्यूल टिनेलने एक साधी युक्ती लिहून ठेवली. नसेवर बोटाने टिचकी मारायची. तंतू वाढत जिथवर आला असेल, तिथे मुंग्या येतात. माझे डॉक्टर दर भेटीला नेमकं हेच करत!

पण थांबायचं कुणी आणि कापायचं कुणाला? १९४३ साली इंग्लंडच्या हर्बर्ट सेडनने नसांच्या दुखापतींचे तीन प्रकार केले. पहिल्यात नस नुसती बधिर होते, काही आठवड्यांत जागी होते. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो, वेष्टण शाबूत राहतं. त्या नळीतून तंतू रोज सुमारे एक मिलिमीटर वाढतो. तिसऱ्यात अख्खी नस तुटते. तिथे थांबून उपयोग नाही, ती शिवावीच लागते. मधलं अंतर मोठं असेल, तर ओढूनताणून शिवलेली नस नीट जुळत नाही. व्हिएन्नाच्या हानो मिलेसी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पोटरीमागच्या नसेचे तुकडे मध्ये जोडायची पद्धत रुजवली. त्या तुकड्याच्या बदल्यात पावलाच्या कडेला थोडी बधिरता राहते, एवढंच.

या थांबण्यालाही मुदत असते. साधारण वर्ष-दीड वर्षात निरोप पोचला नाही, तर स्नायू कायमचा निकामी होऊ लागतो. मुदत टळली तर? याचं एक उत्तर आपल्या देशातही घडलं. कुष्ठरोग नसाच पोखरतो. बोटं वाकडी होतात, चटका कळत नाही. पण अशा हाताचेही काही स्नायू धडधाकट असतात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेरलं. १९४८ पासून वेल्लोरला त्यांनी जिवंत स्नायूची कंडरा दुसरीकडे बसवून वाकडी बोटं कामाला लावली. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनीही कुष्ठरुग्णांवर अशा शस्त्रक्रिया केल्या.

माझ्यावर ती वेळ आली नाही. दंडापासून मनगटाच्या स्नायूपर्यंतचं अंतर दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार महिने. तोवर मनगटाला आधाराची पट्टी, आणि सांधे आखडू नयेत म्हणून डाव्या हाताने उजव्याची बोटं रोज हलवायची. पाचव्या महिन्यात एका सकाळी चहाच्या कपाकडे हात नेला, तर मनगट किंचित वर आलं. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘परत करा बघू.’’ परत आलं!

म्हणून मंडळी, काचेने मनगट कापलं आणि बोट बधिर झालं, किंवा त्वचेवरच्या चट्ट्याला स्पर्श कळेना, तर ‘नस दबली असेल’ म्हणून चोळत बसू नका. थांबायचं की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. नस सावकाश वाढते, पण स्नायू तिची कायम वाट पाहत नाही.