संताचा चेहरा आणि नटाचे विस्मरण : विष्णुपंत पागनीस

काशीच्या पंचगंगा घाटाच्या उत्तरेला दुर्गा घाट आणि त्याला लागून ब्रह्मा घाट आहे. पेशवाईच्या काळापासून हा परिसर मराठी वस्तीचा म्हणून ओळखला जातो. नारायण दीक्षित कायगावकरांसारख्या विद्वानांमुळे महाराष्ट्राचा काशीशी असलेला संबंध येथे दृढ झाला. पण हा संबंध पेशवाईहून जुना आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीतच पूर्ण केली. पुढच्याच वर्षी तुलसीदासांनी अयोध्येत ‘रामचरितमानसा’ला आरंभ केला आणि आयुष्याचा उत्तरकाळ काशीत घालवला. संस्कृताला सोडून लोकभाषेत धर्मकथा सांगितली म्हणून या दोघांनाही काशीच्या पंडितांचा विरोध सोसावा लागला, असे परंपरा सांगते. देहूच्या तुकारामांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्याची आणि ती तरून वर आल्याची कथाही याच जातीची. लोकभाषेची परीक्षा आणि तिचा विजय हे या तिन्ही आख्यायिकांचे समान सूत्र होय.

साडेतीन शतकांनंतर या तिन्ही संतांची चरित्रे अवघ्या पाच वर्षांत बोलपटात अवतरली : १९३५ मध्ये एकनाथ, १९३६ मध्ये तुकाराम आणि १९३९ मध्ये तुलसीदास. एकनाथ साकारले ते बालगंधर्वांनी. तुकाराम आणि तुलसीदास विष्णुपंत पागनीस यांनी. दोघेही मराठी रंगभूमीवरचे स्त्रीपार्टी नट होते. एक महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत, तर दुसरा नाटकवेड्यांच्याही फारशा स्मरणात नसलेला. असे असता बालगंधर्वांचा एकनाथ प्रेक्षकांनी स्वीकारला नाही आणि पागनिसांचा तुकाराम मात्र महाराष्ट्राच्या मनात खुद्द तुकारामाच्या जागी जाऊन बसला. हे असे का घडले, आणि त्याची किंमत कोणी दिली, हा मराठी चित्रपटाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे.

पागनिसांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी चिकोडी येथे झाला. बेळगाव जिल्ह्यातील हे गाव मराठी आणि कानडी यांच्या सीमेवरचे. बालवयातच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि गोड गळ्यामुळे स्त्रीभूमिका करू लागले. त्या काळच्या संगीत नाटकात स्त्रीपार्टी नटाचे शिक्षण कठोर असे. चालणे, बसणे, पदर सावरणे, नजर खाली ठेवणे, बोलता बोलता गाण्यात शिरणे आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यावर येणे, हे सारे वर्षानुवर्षे अंगी मुरवावे लागे. वय वाढले, आवाज आणि अंगलट बदलली, की या नटांच्या पुढे अंधार उभा राही. पागनीसही मुंबईत संगीतशिक्षक झाले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा विचार रुजला होता. बोलपटाने तर पुरुषाने स्त्री होण्याची वाटच बंद केली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त अण्णा साळुंके तारामती झाले होते, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, काशीत विकल्या गेलेल्या त्याच राणीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या.

अशा वेळी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने बालगंधर्वांना घेऊन ‘धर्मात्मा’ काढला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, अस्पृश्यतेच्या प्रश्नाला भिडणारा विषय आणि बालगंधर्वांचे गाणे, इतके असूनही प्रेक्षक दुरावला. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. एकनाथांच्या वेषात प्रेक्षकाला भामिनी, रुक्मिणी आणि सिंधूच आठवत होत्या. तीस वर्षांच्या लौकिकाने घडवलेला तो चेहरा नव्या भूमिकेला जागा देण्याइतका रिता नव्हता. प्रभातबरोबरचा त्यांचा संबंध या एका चित्रपटानंतर संपला आणि पुढे पडद्यावर ते पुन्हा स्त्रीरूपातच, मीराबाई म्हणून, दिसले.

‘संत तुकाराम’साठी पागनिसांचे नाव पुढे आले, तेव्हा दिग्दर्शक शेख फत्तेलाल यांना ते प्रथम पसंत नव्हते. स्त्रीभूमिकांनी अंगी बाणलेले मार्दव संताला शोभेल काय, ही त्यांची शंका होती. ती रास्तही होती. कारण ‘धर्मात्मा’चा अनुभव ताजा होता. पण पडद्यावर नेमके तेच मार्दव कामी आले. शिवराम वाशीकरांच्या पटकथेतला तुकाराम कोणाशी वाद घालत नाही, कोणावर मात करत नाही. सालोमालोने पाठवलेली गणिका त्याच्यासमोर येते, तेव्हा तो तिला धिक्कारत नाही. शिवाजी महाराज नजराणा पाठवतात, तेव्हा तो नम्रपणे परत करतो. आवली मात्र संतापून चप्पल घेऊन विठोबासमोर उभी राहते. गौरी यांनी साकारलेली आवली म्हणजे भूक, पोरे, म्हैस आणि रोजचा संसार. पागनिसांचा तुकाराम म्हणजे त्या साऱ्याच्या मध्यभागी असूनही थोडा बाजूला उभा असलेला माणूस. पुरुषी आवेशाचा पूर्ण अभाव आणि बोलण्यातून गाण्यात सहज उतरणे, हे दोन्ही गुण पागनिसांनी कोठून आणले? ते रंगभूमीच्या जुन्या शाळेतून आले होते. स्त्रीपार्टी नटाची विद्या कालबाह्य ठरली असे सारे समजत असता, ती अशी वेष पालटून जिवंत राहिली. शिवाय त्यांचा चेहरा प्रेक्षकाला परिचित नव्हता. बालगंधर्वांना पुसावे लागले असते असे काही पागनिसांना पुसायचे नव्हते.

विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचा गंधही नसलेल्या परीक्षकांना त्यातला एकही अभंग कळला नसेल. त्यांच्यापर्यंत पोचला असेल तो स्वर आणि चेहरा. लोकभाषेचा कैवार घेणाऱ्या संताची कथा भाषेपलीकडे पोचली, ती अशी नटाच्या द्वारा.

महाराष्ट्रात मात्र या यशाने एक वेगळेच रूप घेतले. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकारामाचा अस्सल अभंग मानले. तसेच पागनिसांच्या चेहऱ्याचे झाले. घरोघरच्या तसबिरींत आणि कॅलेंडरांवर तुकाराम म्हणून जो चेहरा रूढ झाला, त्यावर पागनिसांच्या मुद्रेची छाप पडली. तुकारामाचे समकालीन विश्वसनीय चित्र उपलब्ध नसताना ही पोकळी भरून काढण्याचे काम एका नटाच्या चेहऱ्याने केले. आठवल्यांची रचना आणि पागनिसांचा अभिनय यांना याहून मोठी पावती मिळणे शक्य नव्हते. पण या पावतीवर त्यांचे नाव नव्हते.

याचा परिणाम पागनिसांच्या पुढील वाटचालीत स्पष्ट दिसतो. १९३९ मध्ये रणजित मूव्हीटोनच्या ‘संत तुलसीदास’मध्ये ते तुलसीदास झाले, दिग्दर्शक जयंत देसाई, आणि रत्नावली लीला चिटणीस. १९४० मध्ये विजय भट्टांच्या ‘नरसी भगत’मध्ये त्यांनी नरसी मेहता साकारला. १९४३ मध्ये ‘भक्तराज’ आणि ‘महात्मा विदुर’ आले. मराठी, हिंदी आणि गुजराती या तिन्ही भक्तिपरंपरांचा हा प्रवास वरवर विस्ताराचा वाटतो. प्रत्यक्षात तो एकाच वर्तुळातला फेरा होता. रागावलेला, लोभी, संशयी किंवा केवळ सामान्य असा माणूस उभा करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. तरुणपणी स्त्रीवेषाने त्यांची मर्यादा ठरवली होती. प्रौढपणी संतवेषाने ठरवली. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी, वयाची ५१ वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले.

ही शोकांतिका एकट्या पागनिसांची नाही, की केवळ भाविक समाजातली नाही. ज्या इटलीने ‘संत तुकाराम’ची कदर केली, तेथेच ११ वर्षांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ निर्माण झाला. त्याचा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हताच; तो रोमच्या कारखान्यातला कामगार होता. चोरीला गेलेली सायकल शोधणारा तो बाप जगाच्या स्मरणात राहिला, परंतु माज्जोरानीची कारखान्यातली नोकरी गेली आणि पुढे पडद्यावर त्याच्या वाट्याला किरकोळ भूमिकाच आल्या. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाने माणसाला भूमिकेशी इतके एकरूप मानले की, भूमिकेबाहेर त्याला अस्तित्वच उरले नाही. फरक इतकाच की माज्जोरानीजवळ कमावलेली विद्या नव्हती, पागनिसांजवळ ती होती. म्हणूनच पागनिसांचे विस्मरण अधिक अन्यायाचे ठरते. माज्जोरानीच्या सहजतेला सहजता म्हणणे योग्य आहे. पागनिसांच्या सहजतेला तसे म्हणणे म्हणजे तिच्यामागची तीन दशकांची साधना नाकारणे होय.

काशीच्या घाटावर एकनाथी भागवत पूर्ण झाले, तेव्हा ग्रंथाबरोबर कर्त्याचे नाव राहिले. ओवीच्या अखेरीस ते कोरलेलेच होते. तुकारामाच्या अभंगातही नाममुद्रा आहे. नटाच्या कलेला अशी नाममुद्रा नसते. ती कला जितकी उत्तम, तितकी तिची खूण पुसट. त्यामुळे नटाचे नाव जपण्याची जबाबदारी इतिहासलेखनावर येते. भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडणाऱ्या भक्ताने त्या चेहऱ्यात तुकाराम पाहावा, यात काहीच वावगे नाही. चित्रपटाच्या अभ्यासकाने मात्र त्याच चेहऱ्यात चिकोडीचा विष्णुपंत ओळखला पाहिजे.