कुत्र्याचा घास

आमच्या वाड्यावर सहा कुत्री आहेत. रात्री उरलेलं शीत आणि माशांची डोकी घेऊन मी बाहेर पडले की शेजारचे काका खिडकीतून म्हणतात, "बाये, तू घालतेस म्हणून ही इथं जमतात. उद्या कुणाला चावली तर?" गेल्या महिन्यात यातलीच एक कुत्री त्यांच्या नातवाच्या अंगावर धावून गेली. तेव्हापासून त्यांचा आवाज चढलाय आणि माझाही.

हे भांडण जुनंच आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या कोटात भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पारशांना कुत्रा पवित्र. जेवताना त्याचा घास वेगळा काढायची त्यांची जुनी रीत. ६ जूनला संतापलेल्या जमावाने शिपायांवर हात टाकला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू आणि जैनही त्यात सामील झाले. दंगा लष्कर आणून मोडावा लागला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

ही गोष्ट मला आवडते, कारण त्यात मी बरोबर ठरते! पण अहमदाबादची गोष्ट तशी नाही.

१९२६ साली गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात फिरणारी ६० कुत्री मारवली. त्यांत काही पिसाळलेली होती. शहरात हाहाकार उडाला. मन मानेना म्हणून साराभाई साबरमतीला गेले, तर गांधीजी म्हणाले, दुसरं करणार तरी काय? अहिंसेचा पुजारी असं बोलला म्हटल्यावर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखमालाच लिहिली. शहराच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९२५ मध्ये कुत्रं चावल्यामुळे उपचार घेतलेल्यांचा १११७ हा आकडाही त्यांनी छापला.

त्यांचा खरा रोख मात्र मारणाऱ्यांपेक्षा माझ्यासारख्यांवर होता. उपाशी कुत्र्यापुढे तुकडा टाकणं म्हणजे दया नव्हे, तो त्या कुत्र्याचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. बेवारशी कुत्री रस्त्यावर हिंडतात ही समाजाच्या आळसाची खूण. पाळायचं तर नीट पाळा, नाहीतर सगळ्यांनी मिळून त्यांची सोय करा. वाचताना कान लाल झाले. मारण्याबद्दलचं त्यांचं मत मला आजही पटत नाही. पण घास टाकून हात झटकणारी मीच नव्हे का?

त्या काळी नसलेला मार्ग आज आहे. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण हा रस्ता ठरवला. २०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायला सांगितलं. गोव्यात तर लसीकरणाची पथकं गावोगाव फिरली आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पथकाला अडचण येते ती कुत्रं सहज हाती लागत नसल्याची. रोज खायला घालणाऱ्या माणसाला ते धरणं सोपं जातं. आणि तीन वर्षं घास घालूनही मी एकही कुत्रं धरून दिलं नव्हतं.

मागच्या रविवारी धरून दिली. गोणपाट काकांनीच आणून दिलं, बोलले काही नाहीत. पाचांना लस टोचून झाली. नातवावर धावलेली ती कुत्री तेवढी निसटली. तिला पिल्लं आहेत, काकांच्या लाकडांच्या खोपीत.